सहानंतर आठ

सातवं प्रकरण तुम्ही मारलंत, अध्यक्षमहाशय. आणि आता मलाच लिहून द्यायला सांगताय की ते जन्मलंच नव्हतं.

तुमचं पत्र परवा मिळालं. जाड कागद, वर समितीचा शिक्का, खाली तुमची लफ्फेदार सही, सुरुवात 'आदरणीय भगिनी'पासून. तुमच्या कचेरीत मी दोनदा आले आणि दोन्ही वेळा उभीच होते. आदरणीय भगिनीला खुर्ची देतात, हे कुणी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. असो. तुम्ही म्हणता, पुस्तकात सहाव्या प्रकरणानंतर एकदम आठवं येतं आणि त्यावरून मंडळ्यांमध्ये नको ती कुजबुज सुरू आहे. तरी येत्या रविवारच्या आत भगिनीने सहीनिशी कळवावं, की ही छापखान्याची चूक असून सातवं प्रकरण कधी नव्हतंच. नाहीतर सगळ्या चर्चच्या टेबलांवरून पुस्तक उचललं जाईल.

लिहून देते. पण तुम्हाला हवं ते नाही. जे नव्हतंच म्हणता, तेच लिहून देते.

माझी आई चर्च झाडायची, पुसायची. एकतीस वर्षं. शनिवारी दुपारी चर्च रिकामं असायचं. आई बादली घेऊन पुढून सुरुवात करायची आणि गुडघ्यांवर सरकत सरकत दारापर्यंत यायची. मी बाकाच्या टोकाला पाय वर घेऊन बसायची, कारण ओल्या फरशीवर पाय टेकवला की धपाटा ठरलेला. लाकडाला लावायच्या मेणाचा वास, ओल्या फडक्याचा वास, आणि उंच खिडकीतून येणारं ऊन हळूहळू एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जायचं. आजही कुठं मेणाचा वास आला की मी पाय वर घेते.

दाराशी एक लाकडी पेटी होती, वर फट असलेली. ज्याला प्रार्थना हवी त्यानं चिठ्ठी टाकायची. रविवारी जुने पाळक त्या चिठ्ठ्या नावं न घेता वाचून दाखवायचे आणि मग सगळा गठ्ठा आईकडे द्यायचे. आठवडाभर प्रार्थना करणारं कुणीतरी हवं होतं आणि समितीतल्या लोकांना वेळ नव्हता. पाळक तिला म्हणाले होते, "बाई, मंडळीत सगळ्यात मजबूत गुडघे तुमचे आहेत." आईला वाटलं, थट्टा करताहेत. गठ्ठा हातात पडला तेव्हा कळलं.

पण आईला अक्षर येत नव्हतं. म्हणून वाचायचं काम माझं. इतर मुलं बाराखडीच्या पुस्तकावर शिकली, मी लोकांच्या दुखण्यांवर शिकले. 'मूतखडा' हा शब्द मला 'हरिण'च्या आधी वाचता यायचा. कुणाचं अक्षर मुंगीसारखं, कुणाचं म्हशीसारखं. मी अडखळत वाचायची, आई फडकं पिळत ऐकायची, मग तिथंच गुडघ्यांवर थांबून डोळे मिटायची.

"प्रभू, हिच्या सासूचं तोंड जरा आवर. आमेन."

"आई, सासूचं काही लिहिलेलं नाही. लिहिलंय, घरात शांती नांदावी."

"तेच ते. पुढची वाच."

प्रार्थना झाली की चिठ्ठी फाडून बादलीत टाकायची, हा तिचा नियम. एकदा देवाकडं गेलेलं माणसांच्या हाताला लागू नये म्हणून. गढूळ पाण्यात शाई पसरायची आणि मी ती बघत बसायची. ते दिवस मला कुणी परत दिले तर पुस्तक नको, शिक्का नको, काही नको.

मला एक धाकटी बहीण होती. आईच्या झग्याचं बटण मुठीत धरल्याशिवाय तिला झोप यायची नाही, म्हणून तिचं नाव पडलं बटण. ती पाच वर्षांची असताना तापानं पडली. मी दहा वर्षांची होते. चिठ्ठ्या वाचत आले होते, पण एकही लिहिली नव्हती. त्या आठवड्यात पहिली लिहिली. 'बटणला बरं कर.' पेटीत टाकली, शनिवारी मीच आईला वाचून दाखवली. मी लेखिका कधीपासून, असं तुमच्या समितीतल्या त्या चष्मेवाल्यांनी खवचटपणे विचारलं होतं. तेव्हापासून. माझं पहिलं लिखाण तीन शब्दांचं होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

इथं सहावं प्रकरण संपतं. सहावं तुम्हाला आवडलं होतं. "हृदयस्पर्शी," म्हणालात.

आता सातवं.

बटणला पुरल्यावर तिसऱ्या दिवशी शनिवार होता. आई बादली घेऊन निघाली, मी मागून. कुणी तिला ये म्हणालं नव्हतं. जुने पाळक तर म्हणाले होते, महिनाभर येऊ नका. ती पुढच्या बाकापाशी गुडघ्यांवर बसली, फडकं बुडवलं, म्हणाली, "वाच."

मी वाचलं. कुणाच्या तरी मुलाची परीक्षा. आईनं फरशी पुसली.

"पुढची."

"आई, प्रार्थना?"

"पुढची वाच म्हटलं ना."

सगळा गठ्ठा संपला. तिनं एकदाही डोळे मिटले नाहीत. चिठ्ठ्या फाडल्या नाहीत. घरी आल्यावर सगळ्या पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात टाकल्या आणि झाकण लावलं. पुढच्या शनिवारी तसंच. त्याच्या पुढच्या शनिवारी तसंच. अकरा महिने. चर्च मात्र पूर्वीपेक्षा लख्ख. लोक म्हणायचे, काय धीराची बाई आहे, एवढं झालं तरी हिचा विश्वास ढळला नाही. आई मान हलवायची आणि बादली उचलायची. मला माहीत होतं. दहा वर्षांच्या मुलीनं पोटात काय काय ठेवायचं?

एकदा मी तिला विचारलं, "आपण लोकांना फसवतोय का?"

ती म्हणाली, "मी त्याच्याशी बोलत नाहीये. त्याच्या घराची फरशी पुसते ना, तेवढं पुरे."

मग एका शनिवारी एक चिठ्ठी आली, पेन्सिलनं लिहिलेली... नाही, चुकले, रंगीत खडूनं. कारण मजकूरच तो होता: 'माझी पेन्सिल हरवली आहे. ती सापडू दे. ती अर्धीच होती पण चांगली होती.' मी वाचली आणि आईच्या तोंडातून एक आवाज आला. मला वाटलं, रडली. बघते तर हसत होती. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. फडकं खाली ठेवलं, हातानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "एवढी करू या. सोपी आहे." आणि डोळे मिटले.

त्या रात्री नाही, त्या महिन्यात नाही, पण हळूहळू तिनं डबा उघडला. रोज पाच-सात चिठ्ठ्या. ज्यांच्या आजारासाठी मागितलं होतं त्यांतले काही कधीच बरे होऊन कामाला लागले होते, काही मातीत गेले होते. आई दोघांसाठीही करायची. मी म्हणायची, "अगं, हे आजोबा मागच्या महिन्यातच गेले." ती म्हणायची, "उशीर माझा झालाय, त्यांचा नाही. वाच." या चिठ्ठ्या मात्र तिनं फाडल्या नाहीत. परत डब्यात ठेवल्या. "या राहू देत. माझी लाज म्हणून राहू देत."

एवढंच आहे सातवं प्रकरण. यात शिवी नाही, कुणाची भानगड नाही, देवाला नावं ठेवलेली नाहीत. एक बाई रुसली आणि एक बाई परत आली.

आई जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर मी लिहायला बसले. बसले म्हणजे कुठं, तर हॉस्पिटलच्या धुलाईघरात, मळक्या चादरींच्या बोचक्यावर. पंचवीस वर्षं मी तिथं आहे. मोठा ड्रम एकदा सुरू झाला की चाळीस मिनिटं बघावं लागत नाही. तेवढ्यात मी कपड्यांच्या यादीच्या फॉर्मांच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायची. आमच्या मुकादमबाई जाता-येता टोमणा मारायच्या, "काय, आज किती चादरी आणि किती ओव्या?" पण फॉर्म संपले की नवीन गठ्ठा गुपचूप माझ्या बोचक्यावर त्याच ठेवायच्या.

पहिल्यांदा लिहिलं तेव्हा सातवं नव्हतंच, हे खरं आहे. तेवढ्यापुरते तुम्ही बरोबर आहात. सगळं गोड गोड लिहिलं होतं. नवऱ्याला वाचायला दिलं. तो बस दुरुस्त करतो, त्याला पुस्तकांचं वावडं आहे, पण बसून सगळं वाचलं. म्हणाला, "छान आहे. पण ही कुणाची आई?"

"कुणाची म्हणजे? माझी."

"तुझी आई मला पहिल्या भेटीत म्हणाली होती, 'नखं स्वच्छ करून ये, मग मुलगी माग.' ती बाई यात कुठं आहे? ही तर कॅलेंडरवरची वाटते."

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ड्रम सुरू केला आणि सातवं लिहिलं. एका बैठकीत. ड्रम कधी थांबला ते कळलं नाही.

आणि मग मी तुमच्याकडे आले. कारण सगळ्यांनी सांगितलं, ख्रिस्ती पुस्तक आहे ना, मग समितीच्या शिफारशीचा शिक्का हवा. शिक्क्याशिवाय कुठलंही चर्च टेबलावर ठेवू देत नाही. तुमच्या टेबलावर काच होती, काचेखाली तुमचे मोठमोठ्या लोकांबरोबरचे फोटो. तुम्ही म्हणालात, "भगिनी, हेतू चांगला आहे. पण सातव्यामुळे दुर्बळांचा विश्वास डळमळेल."

मी म्हटलं, "साहेब, माझी आई दुर्बळच होती."

"ती परत आली, हे आम्ही मान्य करतो. मग मधलं कशाला? सहावं दुःखाचं, आठवं विजयाचं. वाचकाला सरळ रस्ता द्यावा."

चष्मेवाले म्हणाले, "आणि तुम्हाला लेखनाचं काही शिक्षण?"

मी काय बोलायला हवं होतं ते मला घरी पोचल्यावर सुचलं. तिथं मी एवढंच म्हटलं, "बरं. काढते."

हे मी तुमच्या माथी मारणार नाही. मारलंत तुम्ही, पण पाय मी धरले होते. माझं पहिलं पुस्तक होतं. मला ते हातात हवं होतं, त्यावर माझं नाव हवं होतं. त्या हावेपायी मी आईचे अकरा महिने देऊन टाकले.

छापखान्यातल्या काकांकडे गेले आणि म्हटलं, सातवं काढा. त्यांनी काढलं. शेवटचा तपासायचा मसुदा माझ्याकडे आला, तेव्हा मी सहाव्याच्या शेवटाला आले आणि पानं मिटली. पुन्हा उघडली ती नवव्यापासून. त्या जागेकडे बघायची माझी छाती झाली नाही. तिथंच चूक राहिली. पुस्तक छापून आल्यावर मी काकांकडे धावले.

"काका, सहानंतर आठ आलंय!"

"मग? सात काढा म्हणालात, सात काढलं. आठाला सात करा, असं कुठं म्हणालात?"

"कळायला नको का?"

"बाई, मी छापतो. कळायचं काम लिहिणाऱ्यानं करायचं."

बरोबर बोलले. पण मला एक सांगा. छापलेली पहिली प्रत तुमच्याकडे आली होती. तुम्ही तिच्यावर शिक्का मारलात. अनुक्रमणिकेत ढळढळीत सहा, आठ, नऊ. समितीत पाच जण. पाचांपैकी एकालाही दिसलं नाही? की एकानंही उघडलंच नाही?

त्यानंतरचे तीन महिने मी दर रविवारी वेगळ्या चर्चमध्ये. पुस्तक खपवणं हे लिहिण्यापेक्षा अवघड, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जाहीर सूचनांमध्ये मला कुठंतरी घुसवायचे: एक चष्मा सापडला आहे, गायनवर्गाची वेळ बदलली आहे, आणि हो, एका भगिनीने पुस्तक लिहिलं आहे. मग मी सायकलींच्या रांगेशेजारी टेबल मांडून उभी. एक आजोबा पुस्तक उलटसुलट करून म्हणाले, "देवाचं काम आणि वर किंमत?" मी म्हटलं, "कागदवाला देवाला ओळखत नाही, आजोबा." दुसरे गृहस्थ म्हणाले, "मी काही वाचत नाही, पण तुम्हाला आशीर्वाद देतो," आणि खरंच डोक्यावर हात ठेवून गेले. माझी सख्खी मावशी आली.

"माझं नाव आहे का यात?"

"नाही गं."

"मग कशाला घेऊ?"

"बरं, आहे. नवव्यात आहे."

"मला न विचारता? मग तर मुळीच घेणार नाही!"

घरातल्या खोक्यांवर नवरा कपडे वाळत घालायला लागला होता.

आणि मग एकाएकी हवा फिरली. एका रविवारी एक बाई टेबलापाशी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ते सातवं गायब आहे म्हणतात, तेच ना हे? द्या एक." पुढच्या रविवारी पाच जणी. कुणी म्हणे, सातव्यात खजिनदाराची भानगड होती. कुणी म्हणे, एका पाळकाचं प्रेमप्रकरण. जे छापलं त्याला कुणी विचारत नव्हतं, जे छापलं नाही त्यावर पुस्तक संपायला आलं. खोकी रिकामी झाली. मी खूश झाले, हेही सांगते. लाज वाटली, पण खूश झाले. त्याच सुमाराला ती कुजबुज तुमच्या कानावर गेली असावी.

पण तुमच्या पत्राआधी आठ दिवस एक गोष्ट झाली, ती तुम्हाला माहीत नाही.

रविवारी दुपारी पोस्टातल्या बाई घरी आल्या. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी सगळे त्यांना पोस्टातल्या बाईच म्हणतात. पंचाहत्तरीच्या पुढं गेल्यात. हातात माझं पुस्तक, सहाव्या आणि आठव्याच्या मध्ये बोट घातलेलं.

"सहाव्यात तुझी बहीण गेली तो हिवाळा आहे," त्या म्हणाल्या. "आठव्यात पुढच्या वर्षीचा हिवाळा आहे. मधलं वर्ष कुठं गेलं? चाळीस वर्षं पोस्टात काढलीत मी, मधली तारीख गहाळ झाली की मला कळतं."

मी चहा टाकायला उठले. "चहा नको. बस. त्या वर्षी माझी चिठ्ठी होती पेटीत. आमच्या ह्यांच्या ऑपरेशनची. एवढंच सांग, तुझ्या आईनं ती प्रार्थनेत घेतली होती का?"

अध्यक्षमहाशय, मला खोटं बोलता आलं असतं. तुमचं छापील पुस्तक माझ्या बाजूनं होतं. पण मी कपाटातून डबा काढला. त्यांची चिठ्ठी शोधायला वेळ लागला नाही, कारण सगळ्या गठ्ठ्यात वर तारीख घातलेली ती एकटीच होती. चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि सातव्यात जे आहे ते सगळं तोंडानं सांगितलं.

त्यांनी चिठ्ठी वाचली. "अक्षर किती चांगलं होतं गं माझं," म्हणाल्या. मग चिठ्ठीची घडी घातली.

"म्हणजे ते गेले तेव्हा देवानं नाही म्हटलं नव्हतं?"

"ते मला कसं कळणार, बाई? आईनं त्याला विचारलं नव्हतं, एवढंच मला माहीत आहे. ते गेल्यावर विचारलं."

"एकेचाळीस वर्षं मी त्याच्याशी धड बोलले नाही. येते, गाते, मान खाली घालते. पण मनातून नाही. मला वाटायचं, तुझ्या आईसारख्या बाईनं मागितलं आणि तरी त्यानं दिलं नाही, म्हणजे खोट माझ्यातच असणार. आणि इथं त्या बिचाऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं होय!" त्या हसल्या. हसता हसता पदर तोंडाशी गेला आणि तिथंच राहिला.

मी म्हटलं, "आईवर रागवा तुम्ही. हक्क आहे तुमचा."

"तिच्यावर कशी रागावू? ती पण माझ्यासारखीच बसली होती की तोंड फिरवून. आम्ही दोघी एकाच चर्चमध्ये, एकीला दुसरीचं माहीत नाही." मग डोळे पुसले आणि माझ्याकडं रोखून पाहिलं. "रागावलेय मी तुझ्यावर. हे पुस्तकात का नाही?"

"समिती म्हणाली..."

"समितीला चिठ्ठी मी टाकली होती का? तुझ्या आईला टाकली होती. आणखी किती जण असतील माझ्यासारखे? या डब्यात किती चिठ्ठ्या आहेत?"

"तीनशेच्या वर."

"ते सातवं वाच त्यांना. मोठ्यानं, मंडळीसमोर वाच. इतर कुणाचं नाव घेऊ नकोस. माझं घे. माझी चिठ्ठी तारखेसकट वाच. मी पहिल्या बाकावर बसून ऐकणार आहे."

मी हो म्हटलं. या वेळी उत्तर मागाहून सुचायची वाट पाहिली नाही.

तेव्हा तुमच्या कागदावर सही होणार नाही. छापखान्याची चूक नाही. काकांनी सांगितलं तेच केलं, त्यांना यात ओढू नका. सातवं प्रकरण होतं. माझ्या आईचे अकरा महिने होते. दुर्बळांचा विश्वास डळमळेल म्हणालात ना, त्यातली एक दुर्बळ पंचाहत्तर वर्षांची आहे आणि ते ऐकायला चालत येणार आहे. टेबलावरून पुस्तक उचलायचं असेल तर खुशाल उचला, ते मी पाहून घेईन.

पण येत्या रविवारी, आईच्या त्याच चर्चमध्ये, गायन संपल्यावर, मी फॉर्मांच्या मागं लिहिलेली ती पानं घेऊन पुढं येणार आहे. बारा मिनिटं लागतात, मी वेळ लावून पाहिलीय. मला वाचू देणार की भर मंडळीत थांबवणार? माझ्यासाठी नका सांगू. पोस्टातल्या बाईंना ते तुम्हालाच तोंडावर सांगावं लागेल, म्हणून विचारते. हो की नाही?